पांढऱ्याला तीन

मनकर्णाबाईंनी भाजलेला चिंचोका खलाच्या कडेवर उभा धरला आणि बत्त्यानं एकच बेताचा ठोका दिला. चिंचोका मधोमध उकलला. दोन्ही फाका त्यांनी तळहातावर घेतल्या, तपकिरी पाठीवर एकदा, पांढऱ्या पोटावर एकदा अशा उलटून पाहिल्या, आणि गॅलरीच्या खरबरीत फरशीवर पोटाकडून घासायला लागल्या.

"आता शिकव काय शिकवायचं ते," त्या म्हणाल्या. "पर आधीच सांगते मंजे, मी हरत नसते."

हे खरं होतं. वैजापूरकडच्या त्यांच्या गावात दुपारच्या डावाला मनकर्णाबाई येताना दिसल्या की बाकीच्या बायकांना एकदम घरातली कामं आठवायची.

मंजुषा भिंतीला पाठ टेकून बसली होती. डॉक्टरांनी दोन दिवस आराम सांगितला होता. पोटातल्या बाळाच्या तपासणीसाठी पोटावर जिथून सुई आत घातली होती तिथं आता दुखत नव्हतं, तरी तिचा हात पुन्हा पुन्हा तिथंच जात होता.

वाद सकाळच्या चहाला झाला होता. तसं पाहिलं तर तो वादही नव्हता. शहरातल्या रक्तविकार केंद्रात समुपदेशक मॅडमनी कागदावर चार गोल काढून सांगितलं होतं की तुमच्या दोघांच्याही रक्तात थॅलेसेमियाचा एकेक दोष आहे. तुम्हाला स्वतःला त्याचं काही होत नाही, पण मुलाला दोघांकडूनही दोष गेला तर ते मूल आजारी. आणि दर खेपेला ही शक्यता चारात एक. श्रेयाला दोघांकडून गेला होता. श्रेया आता सात वर्षांची होती. दर तीन आठवड्यांनी तिला रक्त चढवायला न्यायचं, आणि रोज सकाळी उपाशीपोटी पाण्यात विरघळवलेली गोळी, नाक दाबून.

चहाची बशी तोंडाशी नेता नेता मनकर्णाबाई म्हणाल्या होत्या, "चारात एक म्हणली ना ती बाई? मग एक झाली आपली. आता ऱ्हायले तीन. तिन्ही चांगले. उगंच सुया टोचून घेतल्यास."

मंजुषानं ते सोडून द्यायला हवं होतं. पण बजाजनगरमधल्या कितीतरी कामगारांची बारावीची पोरं तिच्या हॉलमध्ये सतरंजीवर बसून गणित शिकून गेली होती. ती स्वतः कॉलेजात गेली नव्हती. गणित तिनं त्याच पोरांच्या पुस्तकांतून, त्यांच्या एक धडा पुढं राहून, शिकून घेतलं होतं. आणि दर वर्षी संभाव्यतेच्या धड्याला कुणीतरी एक पोरगं हीच चूक करायचं. शिवाय दुसरंही एक कारण होतं, ते ती कुणाला सांगणार नव्हती. ते वाक्य घरात असंच फिरत राहिलं असतं, तर आठ दिवसांत तिलाही ते खरं वाटायला लागलं असतं.

"तसं नसतं, आत्या," ती म्हणाली होती. गावाकडच्या रीतीनं ती सासूला आत्याच म्हणायची. "तुम्हाला खेळूनच दाखवते."

आता मनकर्णाबाईंनी घासलेल्या फाका परातीत टाकल्या. टण्ण, टण्ण.

"ही एक फाक माझी समजा, एक यांची," मंजुषानं सुरुवात केली. "पांढरं म्हणजे..." तेवढ्यात आतून श्रेया आली आणि आजीच्या मांडीला टेकून बसली. मंजुषानं वाक्य वळवलं. "दोन्ही पांढरे पडले तर मी तुम्हाला तीन शेंगदाणे देणार. दुसरं काहीही पडलं, एक पांढरा एक तपकिरी किंवा दोन्ही तपकिरी, तर तुम्ही मला एक."

"तीनच का? मोठ्या मनाची हैस तर पाच दे."

"चार वेळा टाकलं तर सरासरी एकदा दोन्ही पांढरे येतात. तेव्हा मी तीन देते. बाकीच्या तीन वेळा तुम्ही एकेक देता. तीन आले, तीन गेले. पुस्तकात याला अपेक्षित मूल्य शून्य म्हणतात. म्हणजे सारखा डाव. कितीही खेळलं तरी, थोडंफार इकडंतिकडं सोडलं, तर ज्याचे शेंगदाणे त्याच्याकडं."

"मग खेळायचं कशाला?"

रिपोर्ट यायला दोन आठवडे होते, एवढंच उत्तर होतं.

"मी टाकणार," श्रेया म्हणाली आणि तिनं दोन्ही फाका ओंजळीत घेऊन खुळखुळवल्या.

पहिल्याच फेकीला दोन्ही पांढरे पडले.

"हात हाय माझ्या नातीचा!" मनकर्णाबाईंनी तीन शेंगदाणे मोजून ओढले. "बघ मंजे, आला तुझा एक. आता तीन डाव येत नाय तो."

श्रेयानं पुन्हा फाका टाकल्या. दोन्ही पांढरे.

"बघितलंत?" मंजुषा पुढं झुकली. शिकवताना तिचा आवाज जसा जरा वर चढायचा तसा चढला. "चिंचोक्यांना आठवण नसते, आत्या. मागच्या वेळी काय पडलं ते त्यांना कुठं माहीत असतं? प्रत्येक डाव नवा."

तिसऱ्यांदाही दोन्ही पांढरे.

खाली सुट्टी झालेल्या शिफ्टची बस उभी राहिली, माणसं उतरली, बस गेली. मंजुषाचा हात पोटावर गेला होता. वाद ती जिंकली होती. असा की वर्गात खडू खाली ठेवून पोरांकडं नुसतं बघत उभं राहावं. आणि त्या क्षणी तिला एवढंच वाटत होतं, की आपण हरलो असतो तर.

"पांढरे, पांढरे, पांढरे!" श्रेया टाळ्या पिटत होती. "आजी, नऊ झाले तुझे! मला पांढरेच आवडतात."

मनकर्णाबाईंनी तिसऱ्या खेपेचे शेंगदाणे उचललेच नाहीत. त्यांनी फाका गोळा केल्या, पदराच्या टोकाला गाठ मारून बांधल्या आणि गुडघ्यावर हात देऊन उठल्या.

"ऊन आलं," त्या म्हणाल्या. "आत चला."

गॅलरीत ऊन यायला अजून तासभर होता.

*

दोन दिवस चिंचोक्यांचा विषय निघाला नाही. तिसऱ्या दिवशी मनकर्णाबाईंनी स्वतःच परात आणून मांडली, शेंगदाण्यांच्या दोन वाट्या भरल्या आणि श्रेयाला हाक मारली.

"परवाचा डाव अर्धाच ऱ्हायला," त्या म्हणाल्या. "आज चाळीस वेळा टाकू. चाळिसात तुझे पांढरे किती व्हायला पाहिजेत?"

"दहा. दहाच्या आसपास."

"बघू."

तीन पडले. चाळिसात तीन. मंजुषाची वाटी भरून शेंगदाणे परातीत सांडायला लागले आणि मनकर्णाबाईंची वाटी तळाला गेली. आयुष्यात कधी न हरलेली बाई हरली, आणि हरून अशी बसली जशी देवीची ओटी भरून आली आहे.

"लुबाडलं मला तुझ्या आयनं," त्या नातीला म्हणाल्या. "जा, आणखी शेंगदाणे आण."

दुसऱ्या दिवशी दोन पडले. त्याच्या पुढच्या दिवशी चार. रोज जेवणं झाली की परात निघायची. रोज मनकर्णाबाई हरायच्या, रोज खूश व्हायच्या. मग हरलेल्या शेंगदाण्यांचा कूट करून कशात तरी घालायच्या. त्या आठवड्यात घरातल्या प्रत्येक भाजीत कूट होता.

त्याच दिवसांत गॅलरीच्या दुसऱ्या कोपऱ्यात श्रेयाची सायकल उलटी पडून होती. मंजुषाचा नवरा इंद्रजीत पहिली शिफ्ट करून आला की वर्तमानपत्र पसरून तिच्यासमोर बसायचा. वाळूजच्या कंपनीत दिवसभर यंत्रं दुरुस्त करायची आणि घरी येऊनही हातात पाना घ्यायचा, कारण पाना हातात असला की बोलावं लागत नाही. मागच्या चाकाचं फ्रीव्हील खोललं होतं. त्यातले बारीक छर्रे, बाजरीच्या दाण्याहून जरा मोठे, त्यानं बरणीच्या झाकणात रॉकेलमध्ये घालून ठेवले होते.

"दोन कमी भरतायत," तो म्हणाला. "श्रेया, तू घेतलेस?"

"मी नाही घेतले."

"मग गेले कुठं?"

"उंदरानं नेले आसतील," मनकर्णाबाई कुरडया उलटता उलटता म्हणाल्या.

"उंदीर छर्रे कशाला नेईल, आई?"

"बजाजनगरचा उंदीर हाय बाबा. कंपनीत लागला आसंल."

इंद्रजीत हसला. मंजुषाही हसली. पुष्कळ दिवसांनी घरात तिघं एकदम हसली आणि मग एकदमच गप्प झाली, कारण आत फोन वाजला होता.

फोन कुरिअरवाल्याचा होता. आदल्या दिवशी बँकेतून कर्ज हवंय का विचारायला होता, त्याच्या आदल्या दिवशी चुकीचा नंबर. दर वेळी मंजुषा हातातलं काम तिथंच टाकून फोनकडं धावायची. केंद्रातल्या मॅडमनी सांगितलं होतं, नमुना मुंबईला जातो, तिकडून निकाल आला की आम्ही स्वतः फोन करू, शक्यतो पुढच्या गुरुवारी, अकराच्या पुढं. त्याआधी येणारच नाही हे माहीत होतं. तरी.

"खराब आला तर?" त्या संध्याकाळी तिनं इंद्रजीतला विचारलं. तो ग्रीसचे हात राखेनं चोळत होता.

"तर डॉक्टर म्हणतील तसं करू."

"डॉक्टर म्हणाले, तुम्ही म्हणाल तसं."

तो हात चोळत राहिला. डाग निघून गेले तरी चोळत राहिला. आतल्या खोलीत श्रेया बाहुलीला गोळी देत होती, नाक दाबून. "झालं, झालं, एकच घोट. शहाणं माझं बाळ. तुला काही होत नाही."

मंजुषानं दार हळूच ओढून घेतलं. रिपोर्ट खराब आला तर ठरवायला फार दिवस मिळत नाहीत, हे तिला माहीत होतं. काय ठरवायचं तेही माहीत होतं, सगळे तेच ठरवतात, आणि डॉक्टरांनी ते किती मऊ आवाजात सांगितलं होतं. पण ते शब्द तोंडातून काढायचे कसे? श्रेयासारखं मूल नको, असं श्रेयाच्या आईनं म्हणायचं, आणि मग घरी येऊन श्रेयाची वेणी घालायची. रक्ताची तारीख जवळ आली होती. पोरीचे ओठ पांढुरके व्हायला लागले होते, दोन जिने चढली की ती मधल्या पायरीवर बसायची आणि म्हणायची, "मी नाही दमले, मी फक्त बसलेय."

म्हणूनच कदाचित, दुपारच्या डावाची ती वाट बघायला लागली. चाळिसात तीन. चाळिसात दोन. श्रेयाच्या हातून फाका पडायच्या, टण्ण टण्ण, तपकिरी, तपकिरी, आणि मंजुषाच्या छातीतली मूठ एकेक बोट सैल व्हायची. चिंचोक्यांना काही कळत नाही, हे तिनंच शिकवलं होतं. तरीही तिची वाटी भरत होती.

दुसरीकडं तिच्या डोक्यातली मास्तरीण गप्प बसत नव्हती. एक दिवस असं पडू शकतं. दोन दिवस पडू शकतं. पण जिथं शेवटी शून्यापाशी यायला पाहिजे तिथं ती रोज पंचवीस-तीस शेंगदाण्यांनी वर. डाव सारखा नव्हता. एखाद्या पोरानं असं उत्तर आणलं असतं तर तिनं वही परत केली असती: मांडणी तपास, कुठंतरी गडबड आहे. मांडणी तपासायला काय लागत होतं? फाका हातात घ्यायच्या, उजेडात धरायच्या. एवढंच. डाव संपला की मनकर्णाबाई त्या पदराला बांधायच्या, आणि मंजुषा दुसरीकडं बघायची.

*

बुधवारी मनकर्णाबाई फाका बांधायला विसरल्या. सकाळी श्रेयाला रक्त चढवून आणलं होतं, साऱ्यांचाच दिवस त्यात गेला होता. केंद्राबाहेरच्या बाकावर मनकर्णाबाई तिन्ही तास मांडी न घालता बसल्या होत्या, आणि चप्पल काढलेल्या त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा एकसारखा हलत होता. त्यांचं तेवढंच हलायचं. तोंडानं त्या शेजारच्या बाईला कुरडयांचा चीक कसा शिजवायचा ते सांगत होत्या.

घरी येऊन श्रेयानंच हट्ट केला म्हणून डाव झाला. अर्धाच. मग श्रेया तिथंच चटईवर झोपली, गालांवर रंग परतलेली, आणि मनकर्णाबाई आत जाऊन पडल्या.

उन्हं कलायच्या बेतात होती तरी गॅलरी तव्यासारखी तापलेली होती. मंजुषा कुरडयांचं प्लॅस्टिक गोळा करायला गेली तेव्हा तिला कठड्यावर दोन्ही फाका दिसल्या. श्रेयानं ठेवल्या असणार. पांढरं पोट वर करून, शेजारी शेजारी.

तिनं एक उचलली. फाक चटका बसावा इतकी तापली होती. पटकन दुसऱ्या हातात घेताना तिचा अंगठा पांढऱ्या पोटावर दाबला गेला आणि ते पोट अंगठ्याखाली सरकलं. दुधावरची साय सरकावी तसं.

खाली काहीतरी चकाकलं.

पहिल्यांदा तिला सायकलच आठवली. अरे, हा इथं आहे होय, सांगायला पाहिजे यांना. मग तिनं दुसरी फाक बघितली. तिथंही मेणाचा पातळ थर होता, चिंचोक्याच्या पोटाच्या रंगाचाच, आणि नख लावल्यावर त्याखाली तसाच एक बारीक, गोल, चकचकीत डोळा.

तिनं दोन्ही फाका तळहातावर शेजारी शेजारी धरल्या.

देव्हाऱ्यापाशी ठेवलेली मेणबत्ती मागं कुणीतरी खरवडलेली दिसली होती, तेव्हा ती श्रेयाला रागावली होती. दाभण शेगडीवर तापवून काळी झालेली दिसली होती, तेव्हा तिला वाटलं होतं, आत्यांनी गोधडीचं काहीतरी काढलंय. ज्या बाईला सुईत दोरा ओवायचा तर नातीला हाक मारावी लागते, तिनं घरात कुणी नसताना, डोळ्यांशी धरून, बोटाच्या पेराएवढ्या चिंचोक्यात खड्डा पाडला होता. एकदा नाही, दोनदा. पोट जड झालं की फाक पोटावर पडणार. पोटावर पडली की वर तपकिरी.

तिन्ही चांगले, असं म्हणणाऱ्या बाईला, आपलं म्हणणं खरं आहे असं वाटत असतं, तर हे करायची गरजच नव्हती.

मग दुसरी गोष्ट तिच्यापर्यंत पोचली. इतके दिवस ती ज्याच्या आधारानं झोपत होती ते हे होतं. सायकलचे दोन छर्रे. आकडा कुठंच हलला नव्हता. तो पहिल्या दिवशी जिथं होता तिथंच होता, चारात एक, आणि तो या घरातल्या कुणालाच ओळखत नव्हता. उद्या गुरुवार.

आत मनकर्णाबाई डोळ्यांवर हात ठेवून पडल्या होत्या. दारातून त्यांची फक्त पावलं दिसत होती. उजवा अंगठा हलत होता.

मंजुषानं तो पाहिला. मग तिनं सरकलेलं मेण अंगठ्यानं पुन्हा जागेवर आणलं, दाबलं, कडा नखानं सारख्या केल्या. दुसऱ्या फाकेचंही तसंच केलं. फाका नेऊन माठाला गुंडाळलेल्या ओल्या फडक्यावर ठेवल्या, मेण धरेपर्यंत. आणि धरल्यावर परातीत, रोजच्या जागी.

*

गुरुवारी इंद्रजीतनं रजा मागितली होती, ती मिळाली नाही. निघताना तो दारात दोनदा परत आला. एकदा डबा विसरला म्हणून, एकदा काहीच विसरलं नव्हतं.

साडेदहापासून मंजुषानं फोन परातीच्या शेजारी आणून ठेवला होता. मनकर्णाबाईंनी सकाळपासून ओट्यावरचे डबे काढून पुसले होते, पुन्हा लावले होते, पुन्हा काढले होते. शेवटी मंजुषाच म्हणाली,

"या, आत्या. तोवर एक डाव टाकू."

मनकर्णाबाईंनी तिच्याकडं जरा निरखून बघितलं. डाव मांडायची हाक आजवर मंजुषानं कधी दिली नव्हती.

"टाकू की," त्या म्हणाल्या आणि हात पदराला पुसत येऊन बसल्या. वाट्या भरल्या. श्रेया मध्ये.

तपकिरी, तपकिरी. मंजुषानं एक शेंगदाणा घेतला. एक पांढरा, एक तपकिरी. एक घेतला. पुन्हा तपकिरी, तपकिरी.

"लुबाड, लुबाड," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"आज तर तुम्ही फारच वाईट हरणार आहात," मंजुषा म्हणाली. "एकही पांढरा येत नाही बघा. मला वाटतं, आजचा दिवस चांगला आहे." ती हे तोंड वर करून, हसून म्हणाली, आणि मनकर्णाबाईंच्या कपाळावरची एक आठी खरंच उलगडलेली तिनं पाहिली. हे असं असतं होय, तिच्या मनात आलं. इतके दिवस समोर बसून ही बाई माझ्या तोंडावर हेच बघत होती.

श्रेयानं फाका ओंजळीत खुळखुळवल्या, कानाशी नेल्या, आणि सोडल्या.

एक फाक परातीच्या कडेला लागून गरगर फिरली. दुसरी आधीच थांबली होती. मग तीही थांबली.

"पांढरे!" श्रेया ओरडली. "आजी, पांढरे! किती दिवसांनी!"

दोन्ही पोटं वर होती. छर्रे आत असताना, मेण वरून घट्ट असताना. हॉलच्या खिडकीतून सकाळचं ऊन सरळ परातीत येत होतं आणि त्यात एका फाकेच्या मेणावर अंगठ्याचा ठसा उमटलेला दिसत होता. बारीक रेघारेघांचा, सबंध. मनकर्णाबाईंचा अंगठा विळ्यानं कधीचाच चिरलेला होता; त्याचा ठसा असा सबंध उमटला नसता.

मनकर्णाबाई त्या ठशाकडं बघत राहिल्या. मग त्यांनी मान वर केली. मंजुषानं नजर काढून घेतली नाही.

फोन वाजला.

तो वाजताना परातीला टेकून थरथरत होता आणि परातीतल्या फाकाही त्याच्याबरोबर बारीक थरथरत होत्या, पण उलटत नव्हत्या. शहरातलाच नंबर होता. श्रेया एकदा आईकडं, एकदा आजीकडं बघत होती.

"चिंचोक्यास्नी काय कळतंय," मनकर्णाबाई म्हणाल्या. "तूच म्हणली व्हतीस. उचल."

मंजुषानं फोन उचलण्याआधी आपल्या वाटीतून शेंगदाणे घेतले, एक, दोन, तीन, आणि मनकर्णाबाईंच्या तळहातावर ठेवले. त्यांची बोटं एकेक करून मिटली. शेवटचं बोट मिटताना त्या मुठीनं तिचीही दोन बोटं आत धरली आणि सोडली नाहीत.

तिनं दुसऱ्या हातानं फोन कानाला लावला.

"हॅलो," ती म्हणाली. "हो, मीच बोलतेय."